बुरूज बांधण्याआधीचा हिशेब



गेले काही रविवार उपासना सुटली की चर्चच्या आवारात आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो, "काय हो, फाउंड्री सोडली म्हणे?" होय म्हटलं की लगेच दुसरा येतो, "मग आता?" उभ्या उभ्या याचं उत्तर देणं जमत नाही, म्हणून या वेळी दोघांनी मिळून लिहायला बसलो आहोत. आम्ही म्हणजे आम्ही नवराबायको, संडे स्कूलमध्ये आणि अर्पण मोजायच्या टेबलाशी तुम्हाला दिसतो ते. आमच्यातला एक उद्यमबागेत फाउंड्रीत होता, दुसरी घरी शिलाई करते. जे एकाचं आहे ते एकाचं म्हणूनच सांगू.

आपल्या बेळगावात फाउंड्री म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे जाऊन आलेलं असतं. आमच्यातल्या फाउंड्रीवाल्याने आय.टी.आय. करून मोल्डिंगला सुरुवात केली, पुढे सुपरवायझर झाला. एकाच ठिकाणी 19 वर्षं काढली. गेल्या वर्षी वरची जागा रिकामी झाली आणि ती त्याच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "बरं झालं, पोरगा हुशार आहे." मग दोन महिने नीट जेवला नाही.

नंतर एका रात्री त्याने राजीनामा लिहिला आणि तो पवित्र शास्त्रात ठेवला. सकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो तेव्हा तो कागद बाहेर डोकावत होता. तो म्हणाला, "प्रभू मला यातून बाहेर बोलावतोय. पीएफ काढू, हार्डवेअरचं दुकान टाकू. विश्वास ठेवायचा." शिलाईवाली काहीच बोलली नाही. तिने चहा ओतला आणि मशीनवर जाऊन बसली. मुलगी दहावीत, मुलगा पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्या दिवशी तिने एकच ब्लाउज तीन वेळा उसवला.

पुण्याला असलेल्या आमच्या भाच्याला हे कळलं. त्याने फोनवर सांगितलं, "मामा, राजीनामा देण्याआधी एखाद्या करिअर कोचशी बोला. मी नोकरी बदलली तेव्हा बोललो होतो." आम्हाला हसू आलं. क्रिकेटचा कोच असतो, करिअरचा कसला? आणि सल्ल्याला पैसे मोजायचे? प्रार्थना असताना कोच कशाला, हा खरा प्रश्न होता. पैसे देऊन माणसाला विचारलं तर देवावरचा भरवसा कमी झाला असं होणार नाही का?

हेच विचारायला आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो. आमची समजूत होती की ते म्हणतील, गुडघ्यावर या आणि वाट बघा. ते म्हणाले, "गुडघ्यावर तर यायचंच आहे. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. पण ग्रॅच्युइटी कशी मोजतात ते मला येत नाही. ज्याला येतं त्याला विचारायला लाज कसली?" आणि त्यांनी आम्हाला निर्गमाचा अठरावा अध्याय वाचायला सांगितला.

तो अध्याय आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे न्यायनिवाडे करत बसतो. त्याचा सासरा इथ्रो येतो, दिवसभर बघतो आणि सांगतो की हे असं चालणार नाही, तू थकशील आणि लोकही थकतील. इथ्रो मिद्यानी याजक, इस्राएल लोकांतला नव्हे. तरी देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या मोशेने त्याचं ऐकलं. बाहेरच्या माणसाचा सल्ला घेतला म्हणून मोशेचा विश्वास कमी झाला असं शास्त्रात कुठेही म्हटलेलं नाही.

मग आम्ही चार बैठका ठरवल्या. पंधरा दिवसांनी एक, व्हिडिओ कॉलवर. कोचबाई मराठीच होत्या. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या, "तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. नोकरीही लावून देणार नाही. मी विचारीन, उत्तरं तुम्ही शोधायची." आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग पैसे कसले?

त्यांनी पहिलं काम दिलं ते वहीचं. दोन आठवडे रोज संध्याकाळी लिहायचं, आज कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि कोणत्या कामात घड्याळाकडे बघावं लागलं. फाउंड्रीवाल्याला खात्री होती की वहीत सगळा वैतागच येणार. भट्टीचा ताप, रिजेक्शनचे रिपोर्ट, रात्रपाळी हे सगळं आलंच. पण पहिल्या यादीत एकच गोष्ट सारखी येत राहिली. अप्रेंटिस पोरांना रेती हातात घेऊन ओल कशी ओळखायची ते दाखवलं. कास्टिंग फोडून दोष दाखवला. एकाला कोअर बसवायला शिकवलं. दोन आठवड्यांत नऊ वेळा शिकवणं आलं होतं. दुकान, गिऱ्हाईक, खरेदी-विक्री एकदाही नाही.

कोचबाईंनी त्यावर काही मत दिलं नाही. म्हणाल्या, "दुकानाचं बघायचंय ना? मग पैसे घालण्याआधी दोन शनिवार एखाद्या दुकानात बसा." ओळखीच्या एका दुकानदाराने बसू दिलं. दुसऱ्या शनिवारी त्यानेच उधारीची वही उघडून दाखवली. माल रोखीने भरायचा आणि पैसे गवंड्याचं काम संपल्यावर यायचे, तेही आले तर. घरी परतताना आमच्यातला दुकानदार बराच गप्प झाला होता.

तिसऱ्या बैठकीत जे झालं ते सांगायचं की नाही यावर आमचं दोन दिवस बोलणं झालं. सांगायचं ठरवलं, कारण खरी साक्ष तीच आहे.

शिलाईवाली रोज शेजारी बसायची, पण कॅमेऱ्याच्या थोडी बाहेर. त्या दिवशी कोचबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा पुढे याल का? तीन बैठका झाल्या, तुमचं एक वाक्य मी ऐकलेलं नाही. हा निर्णय तुमच्या घराचाही आहे ना?"

ती पुढे आली आणि रडू लागली. मग अठरा वर्षांच्या संसारात कधी न सांगितलेली गोष्ट तिने सांगितली. तिच्या वडिलांनीही असाच एका रात्री राजीनामा लिहिला होता. साहेबाने चारचौघांत बोललं म्हणून. दुसरं काम मिळायला दोन वर्षं लागली. तेवढ्यात तिचं कॉलेज सुटलं. ती शिवणक्लासला गेली ती आवड होती म्हणून नव्हे, आईला हातभार हवा होता म्हणून. "तुमचा कागद शास्त्रात बघितला," ती म्हणाली, "आणि मला अण्णांचं टेबल दिसलं."

फाउंड्रीत एक दोष असतो, ब्लोहोल. साच्यातली हवा बाहेर पडायला वाट मिळाली नाही की धातूच्या आत पोकळी राहते. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, मशीनिंगला गेल्यावर कळतं. हे 19 वर्षं ज्याने पोरांना शिकवलं त्याला ते स्वतःच्या घरात दिसलं नव्हतं.

मग त्यानेही कबूल केलं. प्रभूचं बोलावणं वगैरे त्याने नंतर जोडलं होतं. मूळ गोष्ट अपमानाची होती. शिकवलेला पोरगा वर गेला हे त्याला सोसवत नव्हतं, आणि रोज त्याला "साहेब" म्हणायला लागू नये म्हणून तो पळत होता. राजीनामा शास्त्रात ठेवला की तो देवाचा होतो असं त्याला वाटलं होतं. त्या रात्री त्याने तो कागद काढला आणि आम्ही दोघांनी मिळून फाडला. पुष्कळ दिवसांनी आमची प्रार्थना खरी झाली.

नंतर आम्ही निर्गमाचा तो अध्याय पुन्हा वाचला तेव्हा आधी निसटलेली एक गोष्ट दिसली. इथ्रो मोशेकडे एकटा येत नाही. मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन्ही मुलं यांना तो सोबत घेऊन येतो. आधी कुटुंब एकत्र येतं, मग कामाचा सल्ला होतो. आपण घरी बहुतेक वेळा हे उलटं करतो. निर्णय घेऊन झाल्यावर बायकोला सांगतो आणि त्याला विश्वासाचं पाऊल म्हणतो.

शेवटच्या बैठकीत हिशेब झाला. खाली बसून बुरुजाचा खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला तो शिष्य होण्याची किंमत समजावण्यासाठी, नोकरी बदलण्यासाठी नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. पण आधी बसून मोजावं हे शहाणपण त्याच्या ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर त्याने तो दाखला घेतला. आम्हीही मोजलं. ग्रॅच्युइटी म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200, म्हणजे वर्षाला 10,500. 19 वर्षांचे 1,99,500. आमच्या घराला त्यात जेमतेम सात-आठ महिने निघतात. पीएफला हात लावायचा नाही, नव्या ठिकाणी तो तसाच वर्ग करून घ्यायचा. दहा वर्षांवर नोकरी झाल्यामुळे 58 व्या वर्षी थोडी पेन्शन आहे, ती तुटू द्यायची नाही. कंपनीचा मेडिकल विमा नोकरीबरोबर जातो, तेव्हा घरचा विमा आधी आणि राजीनामा नंतर. हे एका कागदावर लिहिलं. खाली दोघांनी सह्या केल्या.

मग चार महिने तो नोकरीत राहूनच शनिवारी एका खाजगी प्रशिक्षण संस्थेत शिकवायला गेला. त्यांनी आता अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं आहे. पगार पूर्वीच्या दोन तृतीयांश. इन्स्ट्रक्टरचं एक वर्षाचं प्रशिक्षण पुढे करावं लागेल. आणि कन्नड. बोलता येतं त्याला, पण लिहिता-वाचता येत नाही, आणि इथे शिकवायचं तर त्याशिवाय भागत नाही. रोज रात्री जेवणानंतर मुलगी त्याला बाराखडी घालते. चूक झाली की "पप्पा, परत दहा वेळा लिहा" म्हणते.

दुसरा राजीनामा त्याने नेऊन दिला तो त्याच मुलाच्या हातात. त्याला म्हणाला, "तुला शिकवताना मला माझं काम कळलं." तो पोरगा उठून पाया पडला. हे घरी येऊन सांगताना याचे डोळे भरले होते.

सगळं ठीक झालं असं आम्ही म्हणत नाही. अकरा महिन्यांनंतर काय, ठाऊक नाही. दशांशाचं पाकीट हलकं झालं आहे, ते टेबलावर ठेवताना अजून संकोच वाटतो. शिलाईवालीने दोन शाळांचे गणवेश शिवायला घेतले आहेत, पण या वेळी विचारून, ठरवून. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला दोघं मिळून तंबू करायचे आणि पौलही त्यांच्यासोबत कामाला बसायचा. आमच्या एका खोलीत शिलाई मशीन आणि कन्नडची पाटी शेजारी शेजारी असते, तेव्हा ते आठवतं.

तुमच्यापैकी कुणी अशा वळणावर असाल तर दोन गोष्टी. पैसे घेऊन नोकरीची हमी देणारा माणूस कोच नव्हे, त्याच्यापासून लांब राहा. आणि कुणाकडेही जा, पण घरच्यांना कॅमेऱ्याच्या बाहेर बसवू नका. काम झाल्यावर इथ्रो आपल्या देशाला परत गेला. कोचबाईंचंही काम चार बैठकांत संपलं. पुढची वाट आम्हाला दोघांनाच चालायची आहे, आणि तिसरा प्रभू आहे.

हे प्रभू, ज्यांच्या हातचं काम सुटलं आहे किंवा सुटण्याच्या बेतात आहे त्यांना आज आठव. आमचा राग तुझ्या नावाने झाकायला आम्हाला शिकू देऊ नकोस. घरातल्या गप्प माणसाचं ऐकायला आम्हाला कान दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.