शुक्रवारची बैठक आणि महिन्याचं पत्र

बरीच वर्षं माझं मराठी लिखाण म्हणजे महिन्याला एक पत्र. सांगलीला, बाबांना, हातानं लिहिलेलं. आता तुम्ही म्हणाल, दर रविवारी व्हिडिओवर तासभर बोलतोस, मग पत्र कशाला? तर बाबा एसटीत कंट्रोलर होते. ज्याची कागदावर नोंद नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा नोकरीत तयार झालेला पक्का सिद्धांत आहे. मी पीएचडीसाठी अमेरिकेला निघालो तेव्हा विमानतळावर त्यांनी एवढंच सांगितलं, "फोन करशीलच, पण लिहीत जा."

इथून परदेशी जाणाऱ्या पत्राचं तिकीट गोल असतं आणि एका तिकिटात एक औंस वजन जातं. म्हणजे २८ ग्रॅम. पाकीट धरून चार कागद. त्यामुळे माझी साहित्यिक मर्यादा अमेरिकन पोस्टानं ठरवून दिलेली आहे! आणि ही पत्रं बाबा एकटे वाचत नाहीत. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर त्यांचा निवृत्त लोकांचा कट्टा बसतो, तिथे ती मोठ्यानं वाचली जातात. साहजिकच मीही हळूहळू कट्ट्याला आवडेल असं लिहायला लागलो. अमेरिकेच्या गमतीजमती, थोडी फजिती, शेवटी एखादा विनोद. असो.

२०२२ च्या ऑक्टोबरात आमच्या ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. फिलाडेल्फियाजवळ एक्स्टन नावाचं गाव आहे, तिथे त्या राहतात. त्या निवृत्त फार्मासिस्ट. म्हणाल्या, "आम्ही चौघं दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी जमतो. प्रत्येकानं लिहून आणायचं, वाचायचं, बाकीच्यांनी बोलायचं. दिवाळीला सगळ्यांची मिळून एक पुस्तिका काढायची. येतोस का? पाचवा हवाय आम्हाला."

मला लगेच हो म्हणवेना. एक तर महिन्याचं एक पत्र जेमतेम होत होतं. त्यात शुक्रवारचं लिखाण आलं तर दोन्हीकडे पाणी घातलेलं दूध जाणार. दुसरी भीती जरा मोठी होती. एकाच तेलात तळलं की भज्यांना वड्यांचा आणि वड्यांना भज्यांचा वास लागतो. पाच जण महिन्या-महिन्याला एकमेकांचं ऐकणार, एकमेकांना दाद देणार... माझं असं काय उरणार?

आपल्याकडे ह्याचं ठळक उदाहरण आहेच. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे वगैरे मंडळी एकत्र जमायची, एकमेकांना कविता वाचून दाखवायची. 'किरण' नावाचा संग्रहही त्यांनी एकत्र काढला. मग अत्र्यांनी 'झेंडूची फुले'त ह्या कवींची जी रेवडी उडवली ती अजून लोकांना आठवते. एकत्र बसलं की थट्टाही घाऊक होते! पण नीट पाहिलं तर दुसरी बाजूही दिसते. मंडळात असतानाच माधव जूलियनांचं 'विरहतरंग' (१९२६) आलं, गिरीशांचं 'आंबराई' (१९२८) आलं. ही त्यांची त्यांची पुस्तकं. एकाचं दुसऱ्याच्या नावावर खपवता येणार नाही. म्हणजे एका तेलातही वडे वडे राहू शकतात. मी हो म्हणालो.

आमच्या बैठकीत काकू, एक डेंटिस्ट, कोल्हापूरची एक पीएचडी करणारी मुलगी, नागपूरचे एक निवृत्त सिव्हिल इंजिनियर आणि मी. काका लिहीत नाहीत, ते चहा करतात आणि पायरीवर बसून ऐकतात. नागपूरकरांना फिलाडेल्फियाच्या इतिहासाचं भयंकर वेड. त्यांच्यामुळे पहिल्याच बैठकीत मला बेंजामिन फ्रँकलिनच्या 'जंटो'ची दीक्षा मिळाली.

१७२७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, फ्रँकलिननं ह्याच शहरात एक मंडळ काढलं. तेही शुक्रवारी संध्याकाळीच जमायचं. सभासद म्हणजे छापखान्यातली पोरं, दस्तऐवजांच्या नकला करणारा एक जण, एक भूमापक, एक सुतार, असे साधे कामकरी लोक. नियम असा की प्रत्येकानं तीन महिन्यांतून एकदा स्वतःचा निबंध लिहून वाचायचा. वाद घालायचा, पण जिंकण्यासाठी नाही. ठाम भाषेत दुसऱ्याला खोडून काढलं की पुढे पुढे दंड बसायला लागला. (हा नियम आपल्या मंडळांत आणला तर एका वर्षात इमारत बांधून होईल!) ह्याच लोकांच्या पुस्तकं एकत्र ठेवण्यातून पुढे १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारं ग्रंथालय निघालं, ते फिलाडेल्फियात आजही आहे.

मला त्यातला थॉमस गॉडफ्रे फार जवळचा वाटला. हा खिडक्यांना काचा बसवणारा माणूस, स्वतःच गणित शिकलेला, पुढे जहाजांसाठी कोन मोजायचं एक उत्तम यंत्र ज्यानं बनवलं तो. पण बैठकीत कुणी काही बोललं की ह्याला त्यात गणिताइतका काटेकोरपणा हवा. शब्दाशब्दाला अडायचा. थोड्याच दिवसांत तो मंडळ सोडून गेला. पहिले दोन महिने मी नेमका गॉडफ्रे होतो. "हिरवंगार म्हणजे किती?" असं मी त्या कोल्हापूरच्या मुलीला खरंच विचारलंय.

आणि मग २०२३ चा जानेवारी आला. एका मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि आमचा अख्खा संशोधन गट बंद झाला. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की ६० दिवस मिळतात, किंवा व्हिसाच्या कागदावरची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं तुमच्यासाठी अर्ज केला नाही तर साधारणपणे गाशा गुंडाळायचा. बायकोचा व्हिसा माझ्याच व्हिसाला बांधलेला. आम्ही दोघांनी ठरवलं, सांगलीला कळवायचं नाही.

त्याच शुक्रवारी बैठक होती. गंमत म्हणून नागपूरकर जंटोची जुनी प्रश्नावली घेऊन आले होते. चोवीस प्रश्न, दर बैठकीत विचारायचे. त्यात एक प्रश्न असा, की तुमच्या माहितीतल्या कुणाचा धंदा अलीकडे बुडाला का, आणि त्याचं कारण काय ऐकलंत? सगळे हसले. मी चहाच्या कपात बघत बसलो.

फेब्रुवारीच्या बैठकीसाठी नवं काही लिहिणं शक्यच नव्हतं. दिवसभर अर्ज आणि रात्री हिशोब. म्हणून बाबांना त्या महिन्यात लिहिलेलं पत्रच वाचलं. पेन्सिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावी २ फेब्रुवारीला एका जाड्या घुशीसारख्या प्राण्याला बिळातून काढतात, त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा अजून सहा आठवडे राहणार असं मानतात. त्या वर्षी दिसली. शिवाय दोन दिवसांनी फिलाडेल्फियाच्या ईगल्सचा सुपर बोलचा सामना होता, सगळं शहर हिरव्या रंगात न्हालेलं. हे सगळं मी खुसखुशीत लिहिलं होतं. लोक हसले. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "छान आहे रे. पण ह्यात तू कुठे आहेस?"

मी म्हटलं, हिवाळा सहा आठवडे आहे काकू, माझे चारच उरलेत. आणि सगळं सांगून टाकलं.

त्यानंतरच्या धावपळीचं वर्णन करत नाही. ५१व्या दिवशी दुसऱ्या एका कंपनीनं माझा अर्ज दाखल केला. ओळख डेंटिस्टबाईंच्या एका पेशंटची होती. मार्चच्या बैठकीत मी ते दिवस लिहून वाचले. लायब्ररीत उगीच बसून राहिलेल्या दुपारी, सामान विकावं लागलं तर गाडीचे किती येतील ह्याचा तक्ता, आणि बाबांना पत्र लिहिताना आधी विनोद शोधायचा आणि मग त्याभोवती पत्र रचायचं, ही युक्तीसुद्धा. काकांनी चहा परत गरम केला तरी कुणी उठलं नाही.

सप्टेंबरात पुस्तिकेची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा काकूंना नेमका तोच लेख हवा होता. मी म्हटलं, टोपणनावानं घाला. दाखलाही दिला. फ्रँकलिननं सोळाव्या वर्षी, १७२२ मध्ये, बॉस्टनला भावाच्या वर्तमानपत्रासाठी एका काल्पनिक विधवेच्या नावानं चौदा पत्रं लिहिली. रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवायचा. भावाला पत्ता नाही, लेखक घरातलाच आहे! काकू शांतपणे म्हणाल्या, "तो सोळा वर्षांचा होता. तू केवढा आहेस?"

लेख माझ्या नावानं छापला. डिसेंबरात नागपूरकर भारतात गेले, त्यांच्याबरोबर पुस्तिकेची एक प्रत सांगलीला गेली. पुढचे दोन रविवार बाबा व्हिडिओवर त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत. आईच बोलली, तीही फक्त "जेवत होतास ना नीट?" एवढंच. मग जानेवारीच्या शेवटी बाबांचं पत्र आलं. बाबा क्वचित लिहितात.

लिहिलं होतं की लेख घाटावर वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांचे एक जुने मित्र, माझी पत्रं वर्षानुवर्षं ऐकणारे, म्हणाले की त्यांचा पुण्यातला मुलगाही सहा महिने घरीच बसलाय, कट्ट्यावर सांगायचा धीर होत नव्हता. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत सगळे तिथेच बसले होते. खाली बाबांनी कंट्रोलरच्या भाषेत शेरा मारला होता. जानेवारी व फेब्रुवारी २०२३ ची पत्रं नोंदीशी जुळत नाहीत, तरी दुरुस्त करून पुन्हा पाठवावीत. शुक्रवारची बैठक सोडू नये. काकूंना नमस्कार.

मला भीती होती की पाचांत बसलो तर माझं जे आहे ते जाईल. झालं उलटंच. जे मी 'माझं' म्हणून जपत होतो, ते बरंचसं कट्ट्यासाठी घातलेलं इस्त्रीचं शर्ट होतं, आणि ते मला दुसऱ्यांनी दाखवावं लागलं. पण पत्रांची सवय नसती तर शुक्रवारी घेऊन जायलाही काही नसतं. फ्रँकलिनही जंटो चालू असतानाच १७३२ पासून पंचवीस वर्षं आपलं पंचांग एकट्यानं लिहीत होता. दोन्ही लागतं. फक्त औंस तेवढेच राहतात, त्याला इलाज नाही.

दुसरा शुक्रवार चार दिवसांवर आलाय आणि माझं लिहून तयार आहे. थकलेल्या दोन पत्रांपैकी जानेवारीचं झालं, पाच कागद भरले. फेब्रुवारीचं आज रात्री बसून पुरं करायचंय. ह्या वेळी जास्तीचं तिकीट लावीन म्हणतो.