अंड्याने हलायचं नाही

९ मार्च २०२५
मागच्या आगरात सध्या 'कासव' जोरात आहे. परवापर्यंत पोफळीच्या विरीवर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, एवढंच चाललं होतं. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडायला लागले आणि विऱ्या कोपऱ्यात गेल्या. शेजारची चौथीतली मुलगी कासवमित्र. तिने दोन माडांना सुंभ बांधून हद्द आखली आहे. पलीकडे पर्यटक. त्यांनी हातात करवंटीचे मोबाइल धरायचे, पण आत पाऊल टाकायचं नाही. अलीकडे वाळूत खड्डा, वर सुकी झावळी, आणि खाली आमचा पावणेचार वर्षांचा नातू. तो अंडं. अंड्याने हलायचं नाही असा हुकूम आहे. वाटीभर मऊभात संपेपर्यंत ज्याला दहादा उठावं लागतं, तो तिथे अंगाची घडी करून मुकाट पडून असतो. "अजून पन्नास दिवस व्हायचेत, गर्दी नका करू," कासवमित्र बजावते. जाळीच्या कुंपणात जपलेली खरी अंडीही फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस घेतात. ते तिने किनाऱ्यावर ऐकलेलं.

१० मार्च
खेळात मूल मोकाट सुटतं असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्कीने १९३३ सालच्या व्याख्यानात उलटं मांडलं होतं: खेळात मूल आपण होऊन नियमाला बांधून घेतं, कारण मजा त्या नियमातच असते. पुढे १९४० च्या दशकात सोव्हिएत रशियात मॅन्युइलेंको यांनी मुलांना न हलता उभं राहायला सांगून पाहिलं. नुसतं सांगितलं की मुलं लगेच चुळबुळायची. पहारेकरी केलं की कितीतरी जास्त वेळ टिकायची. चार ते सहा वर्षांच्या मुलांत हा फरक ठळक होता. आमचं अंडं त्या वयाच्या उंबरठ्यावर आहे. त्याला 'नीट बस' म्हणणं मी सोडून दिलं आहे.

१३ मार्च
होळी. पोरं दिवसभर लाकडं ओढत होती. कासव बंद.

१५ मार्च
पुण्याहून सुनेचा फोन. "आई, विसापर्यंत लिहून घेताय ना त्याच्याकडून?" लिहून घेत नाही, म्हटलं. मग तिने शाळेतून आलेले कागद मोबाइलवर पाठवले. वर ठळक अक्षरांत 'खेळातून शिक्षण', खाली कासवाचं चित्र: रंग भरा, अंडी मोजा, आकडा गिरवा. हा खेळ कुठला? खेळाचा सदरा घातलेला गृहपाठ आहे. तिचंही खरं आहे, जूनमध्ये प्रवेश आहे, तिथे विचारतात. पण ज्या खेळाचं काय होणार हे मोठ्यांनी आधीच ठरवून टाकलंय, त्यात मुलाला ठरवायला उरतं काय? आगरात निम्मा वेळ भांडणात जातो. पर्यटक किती, सुंभ कुठवर, भरती आली असं कोणी म्हणायचं. मला तर तेच मुख्य वाटतं.

१९ मार्च
ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, हीच साधनं झाली. मुलं बालवाडीपर्यंत येईनात म्हणून बालवाडी त्यांच्या वस्तीतल्या अंगणात गेली, अंगणवाडी झाली. सरकारी योजनेतली अंगणवाडी १९७५ ची, म्हणजे बरीच नंतरची. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पेच असा, की मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळत घरी बसायची. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी.

हे अडचणीतून निघालेलं, पण लहान-मोठी एकाच आवारात आली हा मला मोठाच फायदा वाटतो. शहरात एका वयाची तीस मुलं एका खोलीत कोंबलेली. तिथे कोणी कोणाचं लिंबूटिंबू होत नाही. आमच्या वाडीत पोरंच कमी उरली, त्यामुळे तीनपासून अकरापर्यंतची सगळी एका खेळात. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, पण पळायचं सगळ्यांच्या बरोबरीने. चुका फुकट. अशी सोय कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने काढलेली नाही, पोरांनीच काढली आणि पोरांनीच चालवली.

२२ मार्च
कासवाचा कंटाळा आला. आज डबा ऐसपैस. नातू हटून बसला, "मला राज्य द्या!" मोठी मुलं म्हणाली, तू लिंबूटिंबू, तुला नाही. त्याला ते अजिबात पटलं नाही. बरीच वाटाघाट झाली, शेवटी कासवमित्रच म्हणाली, "देऊ या रे, पण मग रडायचं नाही हां." त्याला राज्य मिळालं. दहापर्यंत मोजताना सात दोनदा आले, कोणी हरकत घेतली नाही. विहिरीमागे लपलेल्या एकाला त्याने हेरलंही, पण ऐसपैस म्हणून ओरडेपर्यंत दुसऱ्याने डबा उडवला. पुन्हा राज्य. मग रडला. मी ओटीवरून उठणार, तेवढ्यात शेंबूड पुसत तो डबा आणायला पळाला.