बादलीतला वाफसा

गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं की ते खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं. खालच्या काकू स्वभावाने भल्या, पण गढूळ डाग पडलेले सदरे त्यांच्या यजमानांचे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये पालेभाजी लावायची हौस टिकवायची, तर मातीला रजा देणं भाग होतं.

मातीविना शेतीचे तयार संच बघितले. पंप, नळ्या, टायमर असा सगळा संसार. पंप आला म्हणजे वीज आली, आणि वीज गेली की मुळं वाळली. मला हवं होतं ते हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या पद्धतीत मिळालं. २००९ साली त्यांनी लेट्यूस वाढवायच्या अशा तीन पद्धती मांडल्या, आणि त्यांत पाणी फिरवावंच लागत नाही. झाकण असलेली बादली घ्यायची, झाकणाला भोक पाडून त्यात जाळीचा कप बसवायचा आणि कपाचा तळ बुडेल इतकं खताचं पाणी भरायचं. झाड पाणी पीत जातं, पातळी उतरत जाते आणि वर मोकळी झालेली मुळं दमट हवेतून प्राणवायू घेतात. बादली पुन्हा काठोकाठ भरायची नाही, एवढं एकच पथ्य. भरली, तर हवेला सरावलेली मुळं गुदमरतात.

रंगाऱ्याकडून दहा लिटरच्या रिकाम्या बादल्या आणल्या. पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड आत जातो आणि पाण्यात शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून आधी काळा रंग मारला आणि ऊन तापवू नये म्हणून त्यावर पांढरा. कपाभोवतीची फट स्पंजने बुजवली. पावसाळ्यात महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत घरोघर येतात, त्यांना आपल्या घरात काही सापडू नये.

खताचं मात्र कोडं होतं. ऑनलाइन मिळणाऱ्या बाटल्यांची किंमत बघून मी निफाडच्या दाजींना फोन लावला. त्यांची द्राक्षबाग आहे आणि ठिबकमधून खतं सोडण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय.

“बाटल्या कशाला घेता ताई? कृषी सेवा केंद्रात जा. किलोकिलोच्या पुड्या मिळतात.”

“एकोणीस-एकोणीस-एकोणीस घेऊ का? सगळं एकातच येतं.”

“ते नको. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं. जमिनीत त्याला मोडायला जिवाणू आहेत. तुमच्या बादलीत कोण आहे?”

त्यांनी सांगितलेली यादी घेऊन दुकानात गेले. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते, काउंटरला बागायतदारांची गर्दी. कॅल्शियम नायट्रेट, तेरा-झिरो-पंचेचाळीस, झिरो-बावन्न-चौतीस, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं. दुकानदाराने विचारलं, “किती एकर?” मी म्हटलं, “चार बादल्या.” शेजारचे शेतकरी हसले, पण त्यांतल्याच एकाने पाण्याचा सामू बघायचे कागद मागून घ्या, असंही सुचवलं.

घरच्या काट्यावर ग्रॅम-दोन ग्रॅम नीट मोजता येत नाही. म्हणून दोन बाटल्या केल्या. पहिल्या बाटलीत एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. दुसरीत तेवढ्याच पाण्यात ४० ग्रॅम तेरा-झिरो-पंचेचाळीस, १५ ग्रॅम झिरो-बावन्न-चौतीस आणि ४० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. दहा लिटर पाण्याला प्रत्येकीतलं १०० मिलिलिटर आणि वर सूक्ष्म अन्नद्रव्यांची चिमूट. दोन्ही द्रावणं थेट एकमेकांत ओतायची नाहीत. घट्ट द्रावणातलं कॅल्शियम सल्फेटला आणि फॉस्फेटला धरून बसतं, पाणी दुधाळ होतं आणि खत साक्यात जातं. दाजींच्या भाषेत, “हे दोन एका टाकीत कालवले की ड्रिपर बंद पडलेच समजा.” सामू साडेपाच ते साडेसहा ठेवायचा. बोअरचं पाणी जड असतं, सामू वर चढतो. मग फॉस्फरिक ॲसिडचे थेंब जपून टाकायचे. द्राक्षवाले त्यानेच ठिबकच्या नळ्या साफ करतात.

गॅलरीत उजेड कमी, म्हणून आतल्या खोलीत झाडांसाठीचा एलईडी दिवा लावला. रात्री खिडकीतून जांभळा उजेड बाहेर पडू लागला आणि सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. त्यांच्या मुलाने व्हिडिओ दाखवला होता. परदेशात अशाच बादल्यांत, अशाच दिव्याखाली गांजा वाढवतात म्हणे. त्यांचं चुकलं नव्हतं. पद्धत तीच आहे. आपल्याकडे मात्र गांजाचं एक रोप लावणंसुद्धा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे. मी त्यांना लेट्यूस, पालक आणि पुदिना दाखवला. पुदिन्याची जुडी घेऊन ते गेले. नंतर मी साध्या पांढऱ्या एलईडी नळ्या लावल्या. पालेभाज्यांना तेवढा उजेड पुरतो आणि शेजाऱ्यांची झोपही शाबूत राहते.

डिसेंबरात दाजी आले. चहा बाजूला ठेवून त्यांनी आधी झाकण उचललं. खाली पाण्यात लांब, सुटी, दोऱ्यासारखी मुळं. वर मोकळ्या जागेत आखूड, दाट, लव फुटल्यासारखी. पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं.

“पांढरी मुळी जोरात आहे,” ते म्हणाले. बागायतदाराकडून याहून मोठी शाबासकी नसते. मग बोट त्या दोन थरांमधून फिरवत म्हणाले, “हा वाफसाच की हो. आम्ही जमिनीत पाणी आणि हवा बरोबरीने राहावी म्हणून मरमर करतो. इथं झाडाने पिऊन पिऊन स्वतःच करून घेतलाय.”

क्रॅटकींची पद्धत मला सगळ्यात नीट समजावून सांगितली असेल, तर ती या एका वाक्याने. पाणी देणं सगळ्यांनाच येतं. मुळांना हवा मिळावी म्हणून हात आवरणं पाणी जास्त झालेली बाग बघितलेल्यालाच कळतं. महागडे संच विकणाऱ्यांनी आधी निफाड-दिंडोरीच्या बागांत चक्कर मारावी, असं माझं मत झालं आहे.

या प्रकाराला मर्यादाही आहेत. उन्हाळ्यात बादलीतलं पाणी तापतं, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळं तपकिरी पडून कुजतात. लेट्यूस तर दांडा धरून कडू होतं. मार्च संपला की मी फक्त पुदिना ठेवते, तोही घराच्या गार कोपऱ्यात. आणि पैसे वाचतील म्हणून कुणी हे करू नये. नाशिकच्या बाजारात पालेभाजी इतकी स्वस्त असते की हिशोब कधीच जुळायचा नाही. फायदा आहे तो वेगळा. लेकीच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला राहून आले, घराला कुलूप होतं, दिवा टायमरवर होता आणि पालक आपला आपण वाढत होता.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी बाजारातल्या पुदिन्याच्या काड्या साध्या पाण्यात मुळ्या फुटेपर्यंत ठेवाव्यात आणि मग खताच्या बादलीत बसवाव्यात. पातळी उतरू लागली की पाण्याचा मग हातात घेऊ नये.