बीपी दाखवायला आलो होतो

परभणीला कशाला चाललास, असं शेजाऱ्यानं विचारलं तेव्हा बीपी दाखवायला, म्हणालो. बायकोला शुगर सांगितली होती. जिंतूरला गाडी बदलेपर्यंत कुणाला काय सांगितलं याचाच हिशेब डोक्यात चालू होता.

खरं कारण म्हणजे झोप. तीन महिने रात्री तीनला डोळा उघडायचा, तो परत लागायचाच नाही. आमचं येलदरी म्हटलं की लोकांना 1968 साली पुरं झालेलं पूर्णेवरचं धरण आठवतं. पण इथलं पाणी खाली सिद्धेश्वरला जातं आणि तिथल्या कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडची रानं भिजतात. आमचं चार एकर माळाचं, कोरडवाहू. झोप उडाली त्या साली सोयाबीनच्या शेंगा भरताना पाऊस उघडला आणि काढणीला आला तो आठवडाभर हटलाच नाही. गंजीला बुरशी चढली.

दिवाळीनंतर आशाताई घरी आल्या. आमच्या भागात 2015पासून प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात आशाताई घरोघर जाऊन मनाची विचारपूस करतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी आहे, भूक लागते का, कशात मन लागतं का, असं एकेक विचारत त्या शेवटच्या प्रश्नावर आल्या. जगून काय उपयोग, असं वाटतं का? मी गोठ्याकडं बघत राहिलो. त्यांनी लिहिणं थांबवलं. जाताना कागदावर जिल्हा रुग्णालयातली खोली लिहून दिली आणि त्याखाली 14416. म्हणाल्या, "भाऊ, हा टेलिमानसचा नंबर. रात्री तीनलाबी लागतो. मराठीत बोलतात."

केसपेपर काढून बाकावर बसलो. दारावर पाटी होती, मानसिक आरोग्य विभाग. शेजारी आमच्या पलीकडच्या गावचा एक ओळखीचा माणूस. दोघंही दचकलो. "बीपी," तो म्हणाला. "मलाबी," मी म्हणालो. मग दोघंही समोरच्या भिंतीकडं बघत बसलो.

आत टेबल, दोन खुर्च्या आणि समुपदेशक मॅडम. बसल्या बसल्या त्यांनी एक गोष्ट सांगितली, "इथलं बोलणं बाहेर जात नाही, 2017च्या कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. पण जिवाला धोका आहे असं वाटलं, तर घरच्यांना सांगावं लागेल." मग प्रश्न. जेवण, दारू, कर्ज, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. पाऊण तास मीच बोलत होतो. शेवटी म्हणालो, "मॅडम, आता मी काय करू?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" मला रागच आला. एवढं गाडीभाडं घालून आलो, ते हे ऐकायला?

मग त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, आधी मळमळेल, पण मनानं बंद करायची नाही, असं बजावलं. मॅडमनी वहीचं काम दिलं. रात्री जाग आली की मनात आलेलं वाक्य लिहायचं आणि सकाळी चहा पिताना ते तपासायचं. रात्री लिहिलं, सगळं बुडालं. सकाळी खाली लिहिलं, सोयाबीन बुडालं, तूर उभी आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची ही रीत कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवली, हे मला फार पुढं कळलं.

दुसऱ्या तारखेला गेलोच नाही. एवढं सगळं परक्या बाईपुढं बोललो, याची लाज वाटत होती. आशाताईंनी पुन्हा घर गाठलं. "पहिल्यांदा गेलेले लई असतात. दुसऱ्यांदा जाणाराला गुण येतो," म्हणाल्या. गेलो. मॅडमनी का आला नाहीत म्हणून विचारलंसुद्धा नाही. वही मागितली.

त्या दिवशी बँकेच्या पाकिटाचं बोलणं निघालं. दोन महिन्यांपूर्वी आलेलं, देव्हाऱ्यातल्या फोटोमागं मी न फोडताच खोचून ठेवलेलं. आत काय असेल? मी म्हणालो, जप्ती. "वाचलंत?" नाही. "घरी कुणासोबत फोडाल?" त्या रात्री बायकोला शुगरची थाप कबूल केली आणि पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं कंदिलाजवळ धरून वाचलं. पीककर्ज नवं-जुनं करायला या, एवढंच लिहिलेलं. ती रडली, मग हसली, मग म्हणाली, "दोन महिने कामून नाही सांगितलं?"

कर्ज आहेच. समुपदेशनानं ते फिटत नाही आणि माळावर पाणीही चढत नाही. पण आता रात्री जाग आली तरी पाचपर्यंत परत डोळा लागतो.

चौथ्या खेपेला बाकावर पलीकडच्या गावचा तो पुन्हा भेटला. आम्ही तुरीच्या भावाचं बोलत होतो. तेवढ्यात एक तरुण पोरगा येऊन पाटीपुढं घुटमळला. इकडंतिकडं बघून त्यानं विचारलं, "काका, इथं बीपी तपासतात का?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि सरकून मधे जागा केली. "बस, इथंच."