आमचा सिगार-प्रयोग

आधीच सांगून टाकतो. जे काही घडलं ते हॉस्टेलच्या आवाराबाहेर घडलं, आम्ही तिघंही तेव्हा सज्ञान होतो आणि प्रयोग कधीचाच बंद झालाय. त्यामुळे रेक्टर सर, पुढचं शांतपणे वाचावं ही नम्र विनंती.

तर झालं असं. थर्ड इयरला आमच्या रूमवर सिगारचं खूळ शिरलं. आणलं पक्यानं. त्याचं म्हणणं, सिगारेट काय, टपरीवर कुणीही ओढतं. माणूस शोभतो तो हातात सिगार असला की. त्याच्या डोळ्यांसमोर चर्चिल होता. (टपरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २००३ च्या कायद्याप्रमाणे शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. आमच्या सिव्हिलच्या पोरांनी एकदा सर्व्हेची टेप लावून गेटपासून टपरीपर्यंतचं अंतर मोजलं. एकशे चार यार्ड भरलं! टपरीवाल्याकडे ना टेप, ना थिओडोलाइट.)

अडचण एकच, पैसा. चांगल्या क्युबन सिगारची किंमत ऐकून पक्यासुद्धा गप्प बसला. मग रीतसर बजेट ठरलं: महिन्याला माणशी शंभर रुपये, एक रुपया जास्त नाही. पक्या, मुरली आणि मी. हिशेबाची वही माझ्याकडे, कारण सोलापूरचा माणूस उधळा नसतो असा या दोघांचा समज.

सुरुवात मुरलीमुळे झाली. त्याचं आजोळ तिरुचिरापल्लीचं. तिथं चिरूट वळण्याचा जुना धंदा आहे. इंग्रज त्या गावाला ट्रिचिनोपोली म्हणायचे आणि तिथले चिरूट पार लंडनपर्यंत जायचे. शेरलॉक होम्स १८८७ सालच्या आपल्या पहिल्याच कादंबरीत नुसत्या राखेवरून सांगतो की खुनी ट्रिचिनोपोली ओढत होता. मुरलीनं दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचं एक बंडल आणलं. स्वस्तात सुरुवात करणाऱ्याला चिरूट बरा, कारण तो दोन्ही टोकांना उघडाच असतो. सिगारच्या एका टोकाला पानाची छोटी टोपी असते, ती कापावी लागते, त्यासाठी कटर लागतो. चिरुटाला काडेपेटी पुरे.

कॉलेजच्या मागच्या टेकडीवर बसून पेटवला. मी सिगारेटसारखा झुरका छातीत ओढला. दोन मिनिटांनी कानात शिट्टी, पाचव्या मिनिटाला गार घाम, सातव्या मिनिटाला मेसची दुपारची वांग्याची भाजी टेकडीवर. पक्या हसत होता, मग तोही झुडपामागं गेला. मुरली मात्र शांतपणे ओढत बसला होता. त्याला आजोबांनी सांगून ठेवलं होतं की धूर तोंडातच फिरवायचा आणि सोडून द्यायचा. हे त्यानं आम्हाला नंतर सांगितलं. असले मित्र!

मग आम्ही अभ्यास केला. (एम-थ्रीचा एवढा केला असता तर केटी लागली नसती.) सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं, छातीत ओढायची गरजच पडत नाही. आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. म्हणजे टेकडीवर आमचं जे झालं ते बरोबरच झालं. ‘धूर आत घेत नाही म्हणजे धोका नाही’ हेही खोटं. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर त्यानंही होतो. हे वाचून पक्या म्हणाला, ‘आपण महिन्याला एकच ओढणार ना बे.’

तीन महिन्यांचे नऊशे जमले तेव्हा पक्यानं पुण्याला जाऊन कॅम्पातून हातानं वळलेले दोन सिगार आणले, साडेचारशेला एक. आता ते ठेवायचे कसे? सिगार कोरडा पडला की तडकतो आणि कडू जळतो, फार ओला झाला की त्याला बुरशी येते. हवा साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेची पाहिजे. श्रीमंत लोक त्यासाठी ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात त्या लाकडाची पेटी घेतात. आम्ही मेसमधून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा पैदा केला, त्यात बाटलीच्या झाकणात मीठ आणि थेंबभर पाण्याचा लगदा ठेवला. फर्स्ट इयरची केमिस्ट्री आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली: मिठाचं संपृक्त द्रावण बंद डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं. जास्त झाली तर ओढून घेतं, कमी झाली तर सोडतं. आम्हाला थोडी कमी हवी होती, म्हणून रोज रात्री दोन मिनिटं झाकण उघडायचं. ही ड्यूटी माझी. एकूण खर्च शून्य रुपये.

पहिला सिगार मुरलीच्या वाढदिवसाला तिघांत ओढला. टोपी नव्या ब्लेडनं कापली. काडीचा गंधक जळून जाऊ दिला, मग ज्योत लांब धरून, सिगार फिरवत फिरवत टोक शेकलं. मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई नाही. खरं सांगू? छान लागला. भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी, मग कोरी कॉफी. तासभर आम्ही तिघं एकमेकांशी न भांडता बसलो, हेच मोठं. दुसरा रिझल्टसाठी राखून ठेवला.

आणि मे महिना आला. हॉस्टेल रिकामं करायचं होतं. डबा परत मेसला देणं भाग होतं, नाहीतर डिपॉझिट गेलं असतं. सिगार मी पेपरात गुंडाळून बॅगेत घातला आणि एसटीनं सोलापूरला निघालो. मेमधलं सोलापूर ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. माझी आई विडी कामगार आहे. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आम्ही तिला अम्मा म्हणतो. कुंभारीजवळ २००६ साली विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, तिथं आमचं घर. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री. सकाळी स्वयंपाक उरकून बसली की हजार विड्या व्हायला रात्र होते. शाळेत आणि डिप्लोमाला मला विडी कामगारांच्या मुलांची स्कॉलरशिप होती. हे पक्या-मुरलीला मी सांगितलं नव्हतं. लाज म्हणून नव्हे. म्हणजे, थोडी लाज म्हणूनच.

हिशेबाच्या वहीत माझ्या नावावर तीनशे रुपये होते. अम्माच्या हजार विड्यांना त्यापेक्षा कमी मिळतात. ते गणित मी वही बंद करून टाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी धुवायचे कपडे काढताना तिच्या हाताला पेपरची गुंडाळी लागली. मी आंघोळीला होतो. बाहेर आलो तर अम्मा दारात उजेडाला सिगार धरून बसलेली. मला वाटलं आता कात्री फेकून मारते. तिनं तो अंगठा आणि बोटांत धरून हलकेच दाबला, कानाजवळ नेऊन फिरवला. वरच्या पानाला लांब तडा गेला होता.

‘वाळवून टाकलास की रे,’ ती म्हणाली. ‘पान ओलं नको ठेवायला?’

आमच्या मोरीशेजारी तेंदूचा पाला भिजवून ओल्या गोणपाटात बांधून ठेवलेला असतो. लहानपणापासून रोज बघतोय. पाला कोरडा झाला की वळताना फाटतो, आणि फाटकी विडी कारखान्यात बाद होते, तिचे पैसे नाहीत. मिठाचा लगदा करताना मला ते गोणपाट एकदाही आठवलं नव्हतं.

मी खोटं बोललो नाही. ओढला म्हणालो, एक. ती काही बोलली नाही. सूप ओढलं, नखानं वरचं पान सोडवायला लागली. बाहेरचं पान, त्याच्या आत धरून ठेवणारं पान, त्याच्या आत लांब पानांच्या घड्या. सगळी तंबाखूच, तेंदू कुठंच नाही, दोराही नाही. चिकटवलंय कशानं हे तिनं वास घेऊन पाहिलं. तोंड कसं मुडपलंय ते दोनदा पाहिलं.

‘चांगला हात आहे,’ म्हणाली. ‘बाई असेल का?’

‘असेल. तिकडं बायका पण वळतात.’ मग कसनुसं वाटून मी वाचलेलं सांगत सुटलो, की क्युबात सिगारच्या कारखान्यात कामगार वळत असतात तेव्हा एक माणूस पुढं बसून पेपर, कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवतो, १८६५ पासूनची पद्धत आहे.

‘त्याचा पगार मालक देतो?’

‘पूर्वी कामगारच वर्गणी काढून द्यायचे.’

ती हसली. ‘मग खरं असेल.’

थोडा वेळ नुसता कात्रीचा आवाज.

‘एवढा एक वळायचे किती मिळतात तिला?’

सिगार कसा कापायचा, कसा पेटवायचा, कितीच्या आर्द्रतेत ठेवायचा हे सगळं मी पाठ केलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. किंमत तिनं विचारली नाही. मीही सांगितली नाही.

‘आपल्या कायद्यात पण विडीबरोबर सिगार होता,’ मी म्हणालो. १९६६ साली झालेल्या कायद्याचं नावच विडी आणि सिगार कामगार कायदा.

‘असेल,’ म्हणाली. ‘जा, पाल्यावर पाणी मार.’

मी मारलं. सिगारची पानं तिनं सुपाच्या कडेला चार दिवस ठेवली, शेजारच्या दोघीतिघींना दाखवली, मग कधीतरी टाकली असावीत. जूनमध्ये हॉस्टेलला आल्यावर पक्यानं पहिला प्रश्न विचारला तो सिगारचाच. सगळं सांगितलं. मुरली बराच वेळ काही बोलला नाही. पक्या म्हणाला, ‘काकूंना सांग, पुढच्या वेळी एक न उसवता दाखवू.’ आणि मग, पक्याच तो, वहीत माझ्या नावावर दोघांचे मिळून तीनशे रुपये मांडले. त्यातले शंभर अजून द्यायचे आहेत.