मधल्या आवाजाचा गांधार

स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये मी व्हायोला वाजवतो. कार्यक्रमानंतर भेटायला येणारे पहिल्या व्हायोलिनचं कौतुक करतात, चेलोच्या नादाबद्दल बोलतात आणि मग माझ्याकडे वळून विचारतात, “तुमचं व्हायोलिन जरा मोठं आहे का हो?” आहे खरं. तारासुद्धा पंचमाच्या अंतराने खाली लावलेल्या: सी, जी, डी, ए. चेलोच्याच तारा, फक्त एक सप्तक वर.

चौघांच्या मधोमध बसणाऱ्या या वाद्याला आरंभीच पुढे काढणारे संगीतकार थोडे. स्मेटानाने १८७६ च्या ई मायनर क्वार्टेटमध्ये काढलं. ड्वोर्झाकने ‘अमेरिकन’ क्वार्टेटमध्ये काढलं. ड्वोर्झाक तर स्वतः प्रागच्या नाट्यगृहातल्या वाद्यवृंदात अनेक वर्षं व्हायोला वाजवत बसलेला माणूस. १८९३ च्या जूनमध्ये आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीत सुट्टीला गेल्यावर त्याने तीन दिवसांत या क्वार्टेटचा कच्चा आराखडा लिहिला आणि महिना संपायच्या आत काम हातावेगळं केलं. सुरुवातीला व्हायोलिनं एका जागी थरथरत राहतात, चेलो खाली एफ धरतो आणि मुख्य धून येते ती व्हायोलावर.

एफ म्हणजे आपली पांढरी चार. तिला षड्ज मानलं तर ही धून सा रे ग प ध यांतच फिरते, म्हणून मुंबईत ती वाजवली की कोणीतरी हमखास येऊन सांगतं, “अहो, हा तर भूप!” भूप नव्हे. स्वर तेच असले तरी चलन नाही, गांधारावरचा तो ठहराव नाही, आणि चारच मापांनंतर पायाखालचा षड्ज हलायला लागतो. पण सांगणाऱ्याचा कान गांधाराशी अडलेला असतो, आणि तिथे तो अगदी बरोबर असतो. आमचंही सगळं भांडण तिथेच चालतं.

तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार ऐकू येतो, तो स्वयंभू गांधार. एफ, ए, सी असे तीन स्वर आम्ही मिळून धरले तर ए ला नेमकी तीच जागा हवी असते. पियानोचा गांधार तिच्यापेक्षा सुमारे १४ सेंटनी चढा असतो. (सप्तकाचे १२०० सेंट धरतात.) माझी ए ची मोकळी तार आणखी चढी. चेलोच्या सी पासून शुद्ध पंचमांनी चढत ए पर्यंत आलात, तर एफच्या वर हा ए सुमारे २२ सेंटनी जास्त भरतो. तार बेसुरी नसते, पंचमांचा हिशेबच तसा आहे. म्हणून अशा स्वरसमूहात मी मोकळी तार टाळतो आणि डी च्या तारेवर चौथ्या बोटाने ए घेतो. हे २२ सेंट बोटाखाली जेमतेम तीन मिलिमीटर होतात.

तालमीत आम्ही अशी जागा लय सोडून, व्हायब्रेटो बंद करून वाजवतो. आधी चेलोचा एफ, त्यावर सी आणि सगळ्यात शेवटी माझा ए. आमचा चेलोवादक गोव्याचा, चर्चच्या शाळेत सोल्फेजो घोकून तयार झालेला. तो बो न थांबवता म्हणतो, “खाली. अजून. हां, बस.” ‘बस’ म्हणायच्या आधीच मला कळलेलं असतं, कारण चेलोचा आवाज एकदम मोठा वाटायला लागतो, त्याने जोर वाढवलेला नसतानाही.

सोलोत मात्र तोच ए इतका खाली ठेवला तर धून झोपते. तिला थोडा चढा, उजळ गांधार लागतो. पहिली व्हायोलिनवादक म्हणते, सगळीकडे एकच ठेव. मला ते पटत नाही. मी धुनेत तो किंचित वर घेतो आणि धून दुसऱ्याकडे गेली की गुपचूप खाली उतरतो. व्हायब्रेटोत बरंच काही झाकलं जातं, हे प्रत्येक व्हायोलावाल्याला ठाऊक असतं.

त्यात मुंबईचा पावसाळा. बाहेरून दमट हवेतून आलेलं वाद्य हॉलच्या एसीत गेलं की खुंट्या सैल पडतात, तारा जागा सोडतात. सी ची तार तर सर्वांत आधी. चारही तारा अगदी शुद्ध पंचमांत लावल्या तर ती वरच्या व्हायोलिनच्या ई ला फारच खाली लागते, म्हणून पंचम आम्ही नखभर आवळतो. तानपुरा जुळवणाऱ्याला हे ऐकून वाईट वाटेल, पण चार सुरांच्या सोयीसाठी तेवढं सोसावं लागतं.

पहिल्या मूव्हमेंटनंतर लेंटो येतो, डी मायनरमध्ये. व्हायोलिन संथ धून गातं आणि आम्ही मधले दोघं खाली हेलकावे देत राहतो. इथे ए गांधार राहत नाही, डी चा पंचम होतो, आणि मोकळ्या तारेशी त्याला तंतोतंत मिळावं लागतं. म्हणजे आत्ताच खाली उतरवलेलं बोट ते तीन मिलिमीटर परत चढलं पाहिजे. मूव्हमेंटच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत असा संकेत आहे, पण आपल्याकडे कोणीतरी वाजवतंच. इतर तिघांना त्याचा त्रास होतो. मी त्या टाळ्यांच्या आवाजात तेवढ्यात मोकळ्या तारेवर ए तपासून घेतो.