बॉर्डरवरची न्याहारी

संपादकांची मागणी सरळ होती: ‘बॉर्डरलाइन शुगरवाल्यांसाठी दहा नाश्ते द्या, पाककृतींसकट.’ अशा याद्यांचे गठ्ठे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पण यादी फ्रिजवर चिकटते, ताटात पोचतेच असं नाही. म्हणून याद्यांमागचं सांगते. जमेल तितकं सोपं करून.

बॉर्डर म्हणजे उपाशीपोटीची शुगर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची, म्हणजे एचबीएवनसी, ५.७ ते ६.४. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात या उंबरठ्यावर १३.६ कोटी माणसं आहेत. त्यातली कितीतरी समोर बसून म्हणतात, “पण मी तर बारीक आहे!” पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला आपली चरबी दिसत नाही, एवढंच यातून घ्या.

आता सकाळ. पहाटे कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, यकृत रक्तात साखर सोडतं. निरोगी शरीर ती सहज आवरतं. बॉर्डरवर आलेल्या शरीरात इन्शुलिनची पहिली उसळी, खाल्ल्यानंतर लगेच येणारी, मंदावलेली असते. (तांत्रिक झालं, पण सगळी मेख इथेच आहे.) अशा वेळी पोटात काय, किती आणि कशासोबत गेलं याला महत्त्व येतं.

कांदेपोह्यांची भरलेली बशी घ्या. ७० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर कर्बोदकं पन्नास ग्रॅमच्या पुढे आणि प्रथिनं जेमतेम पाच. वर साखरेचा चहा, आणि तो येईपर्यंत दोन खारी. मी पोहे बंद करत नाही. पोहे निम्मे, त्यात मटार आणि शेंगदाणे सढळ, सोबत वाटीभर मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा दोन अंडी. आणि उसळ आधी, पोहे नंतर. या क्रमानेही फरक पडतो. मुगाची धिरडी, भाजणीचं थालीपीठ आणि दही, भाकरी-पिठलं हे सगळं चालतं. साबुदाण्याची खिचडी मात्र उपासाची म्हणून हलकी होत नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. गूळही साखरच, आणि मध घातल्याने काही पवित्र होत नाही.

आणि आता नाचणीचं सत्त्व. याच्यावरून माझे निम्मे पेशंट माझ्याशी भांडतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तंतू चांगले, हे मान्य. पण धान्य जितकं बारीक दळाल आणि पातळ शिजवाल, तितकं पाचक रसांचं काम सोपं होतं आणि साखर झपाट्याने चढते. नाचणीची भाकरी उसळीशी खाणं आणि नाचणीची गूळ घातलेली पेज पिणं, यांचं रक्तातलं गणित वेगळं. लोक मोबाइलवरचा ग्लायसेमिक इंडेक्सचा तक्ता पुढे करतात. ही कल्पना टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी १९८१ साली मांडली. त्यात पदार्थाची पन्नास ग्रॅम कर्बोदकं भरतील इतका भाग एकटाच खायला देऊन ग्लुकोजशी तुलना करतात. तुमच्या घरी कोणी पदार्थ असा एकटा, तोलून खातं का? तक्त्यात दळण नाही, शेजारची चटणी नाही, दुसऱ्यांदा घेतलेली वाटी नाही. तरी माणसं तो आकडा पत्रिकेतल्या गुणांसारखा जुळवत बसतात.

हे सगळं मी ठामपणे सांगते. एक बाई आल्यापासून मात्र तो ठामपणा थोडा खटकतो. वय पन्नाशीच्या आत, अंगाने बारीक, बाळंतपणात शुगर वाढलेली, आता एचबीएवनसी ६.१. सांगितलेलं सगळं त्यांनी नीट लिहून घेतलं. तीन महिन्यांनी आकडा होता तिथेच. सोबत आलेल्या यजमानांचं पोट मात्र उतरलेलं. “ताई, तुम्ही सांगितलेली धिरडी सगळ्यांना आवडली,” त्या म्हणाल्या. आणि तुम्ही? सकाळी साडेसहाला चहा-टोस्ट. मग डबे, सासूबाईंचं पाणी, मुलाचं कॉलेज. अकराला जे उरेल ते: कालची पोळी फोडणीला टाकून, नाहीतर पुन्हा चहा. धिरडी गरम चांगली लागतात, म्हणून आधी सगळ्यांना. मग पीठ संपलेलं असतं.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या सल्ल्याने बॉर्डरवरच्या लोकांतलं मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने २६.४. ताट गोळीच्या तोडीचं आहे, हे मी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आले. पण बाईच्या नावाची गोळी बाईच घेते. तिच्या नावाचा नाश्ता घरभर वाटला जातो.

हल्ली चिठ्ठीवर पदार्थाआधी वेळ लिहिते: आठ वाजता, बसून. शिवाय सोबतच्या माणसाला विचारते, धिरडं घालता येतं का? बहुतेक जण हसतात. मी हसत नाही, कारण प्रश्न आहाराचाच असतो. त्या बाई पुढच्या तपासणीला यायच्या आहेत. आकडा हलला असेल का, याची मला खात्री नाही.